कूलरची टाकी, फिरतं पाणी आणि पिवळी पडणारी रोटाला

सुदामानगरकर

राम राम मंडळी.

फिशटँकमधली झाडं दुकानातून आणायची आणि पाण्यात विरघळताना बघत बसायची, याचा कंटाळा आला म्हणून यंदा घरीच वाढवायला घेतली आहेत. टँकमध्ये नव्हे, बाहेर. मुळं ओल्यात, पानं हवेत, आणि तेच पाणी खालून वर, वरून खाली फिरतं.

मोडीत निघालेल्या प्लॅस्टिक कूलरची खालची टाकी घेतली, साधारण साठ लिटरची. तिच्यात कूलरचाच १८ वॅटचा पंप. वर लोखंडी अँगलच्या रॅकवर तीन फूट बाय दीड फुटाचे दोन ट्रे, त्यात चार इंच धुतलेली बारीक काळी गिट्टी. पंप सुरू झाला की ट्रे तीन इंचांपर्यंत भरतात. त्याहून वर चढलेलं पाणी उभ्या पाइपातून टाकीत पडतं. पंप थांबला की आलेल्याच नळीनं सगळं उलटं खाली उतरतं. टायमर इंदूरच्या महाराणी रोडवरून आणला, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्यांचा. दिवसा दर दोन तासांनी एक खुंटी, रात्री एकदाच. वर तारेच्या कमानी आणि पारदर्शक प्लॅस्टिक. गॅलरी पूर्वेची आहे, नऊनंतर हिरवी जाळी ओढतो.

झाडं: अनुबियास नाना, क्रिप्टोकोरायनी वेंडटाय, जावा फर्न, रोटाला रोटुंडिफोलिया, हायग्रोफिला आणि आईच्या कुंडीतली ब्राह्मी. खत म्हणजे हायड्रोपोनिक्सच्या ए आणि बी अशा दोन बाटल्या, लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं.

आता अडचण. रोटाला आणि हायग्रोफिलाची शेंड्याची पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्या. खालची जुनी पानं ठणठणीत. अनुबियासला काही झालेलं नाही, पण तो तसाही कशानं हलत नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, लिटरला मिलिग्रॅममध्ये) सुरुवातीला साडेचारशे दाखवत होता, महिनाभरात सोळाशेच्या पुढे गेलाय. पीएचच्या पट्टीचा रंग आठच्या आसपास. खत वाढवू का?

पोहे_जिलबी

मे महिन्यात इंदुरात कूलर मोडून त्यात झाडं लावणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय. भिया, घरच्यांची काय सोय केलीत?

सुदामानगरकर

घरच्यांना नवीन कूलर घेऊन दिला, तेव्हाच जुन्याला हात लावायची परवानगी मिळाली.

मृण्मयी_वनस्पती

खत अजिबात वाढवू नका.

पिवळेपणा कुठल्या पानांपासून सुरू झाला हे आधी बघायचं असतं. नत्र, पोटॅश, मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून ते काढून शेंड्याला पाठवतं, म्हणून आधी खालची पानं जातात. लोह एकदा पानात बसलं की तिथून सहसा हलत नाही. त्यामुळे लोह तुटलं की कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या आणि जुनं पान जसंच्या तसं. तुम्ही लिहिलेलं वर्णन तंतोतंत हेच आहे.

पण याचा अर्थ पाण्यात लोह घातलेलंच नाही असा नव्हे. तुमच्या बाटलीत ते नक्की असणार, बहुधा ईडीटीएमध्ये बांधलेलं, म्हणजे लोहाला विरघळलेलं धरून ठेवणाऱ्या रसायनात. ईडीटीए साधारण साडेसहा पीएचपर्यंत लोह धरून ठेवतं. त्याच्या वर पकड सुटत जाते आणि लोह गंजासारखं खाली बसतं. डीटीपीए साडेसातपर्यंत टिकतं. आठ पीएचला टिकणारं म्हणजे ईडीडीएचए, त्याची लालसर पूड कृषी सेवा केंद्रात मिळते. म्हणजे आज तुम्ही बाटली पालथी केलीत तरी टीडीएस वाढेल आणि पानं पिवळीच राहतील.

अनुबियास मंदगतीचा, त्याची भूकच कमी, म्हणून तो गप्प आहे. रोटाला आठवड्याला वाढते, तिनं आधी सांगितलं इतकंच.

काळी_गिट्टी

माझ्या नावाचा माल वापरलाय म्हणजे लिहिणं भाग आहे. दोन प्रश्न. रोज वरून किती पाणी घालता? आणि कुठलं?

सुदामानगरकर

तीन लिटरच्या आसपास. बोरिंगचं. नळाला नर्मदेचं एक दिवसाआड येतं, ते आधी पिण्याला आणि स्वयंपाकाला. बोरिंगच्या पाण्याचा टीडीएस माझ्या मीटरवर सातशे.

काळी_गिट्टी

मग कोडं सुटलं. तीन लिटर पाणी उडतं, पण उडतं ते फक्त पाणी. सातशेचं तीन लिटर म्हणजे २१०० मिलिग्रॅम क्षार तुम्ही रोज आत टाकता आणि बाहेर काहीच जात नाही. साठ लिटरमध्ये रोज ३५ ची वाढ, महिन्याला हजारावर. साडेचारशे अधिक हजार, वर थोडं खत. मीटर अगदी खरं बोलतोय.

मे अखेर कूलरच्या गवतावर जो पांढरा कडक थर बसतो, तो आणि हा हिशेब एकच. तिथे गवत बदलून सुटका होते. इथे ते सगळं तुमच्या मुळांभोवती साठतंय.

फिरत्या पाण्याच्या सोयीत पंप, पाइप, टायमर ही सगळी हौसेची कामं. खरं काम जमाखर्चाचं: आत काय गेलं, झाडानं काय उचललं, मागे काय उरलं. वाहत्या नाल्यात हा प्रश्न येत नाही, उरलेलं पुढे जातं. तुमचं पाणी कुठेच जात नाही.

आणि टीडीएसचा आकडा बघून खत पुरेसं आहे असं समजू नका. मीटर फक्त क्षार मोजतो, नत्र कुठलं आणि चुना कुठला हे त्याला कळत नाही. सोळाशेतले बाराशे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असले तरी तो सोळाशेच दाखवणार.

खातीपुऱ्याचे अण्णा

काळी_गिट्टी यांचा हिशेब बरोबर. पाण्याच्या खात्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडी भर घालतो.

माळव्याच्या जमिनीखाली काळा पाषाण, बेसाल्ट. बोरिंगचं पाणी म्हणजे त्याच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी. वरच्या मातीतून उतरताना ते कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं आणि दगडातला चुना, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. म्हणून आपल्याकडे गीझरची कॉइल पांढरी होते आणि चहाच्या पातेल्याला पापुद्रा धरतो. पीएच आठ आहे याला कारण हेच बायकार्बोनेट. तुम्ही लिंबूसत्त्व टाकून पीएच खाली आणाल, दोन दिवसांत तो परत वर येईल, कारण सायट्रिक आम्ल पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात.

एक सूचना. घरात सॉफ्टनर असेल तर त्यातलं पाणी झाडांना घालू नका. तो चुना काढतो आणि त्याच्या जागी सोडियम देतो. साबणाला फेस येईल, पण रोटालाला ते आणखी वाईट.

नर्मदेचं पाणी त्या मानानं मऊ. १९७८ साली ते पहिल्यांदा इंदुरात आलं. जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून आणलेलं पाणी. ते झाडांना घालताना मन जरा कचरतं हे मी समजू शकतो.

पोहे_जिलबी

अण्णा, तीन लिटरसाठी मन कचरवू नका. समोरचे लोक रोज पाइप लावून गाडी धुतात.

सुदामानगरकर

अण्णा, ताई, काळी_गिट्टी, मनापासून आभार. मग पीएच कायमचा खाली आणायला फॉस्फोरिक आम्ल कसं? हायड्रोपोनिक्सवाले तेच विकतात.

काळी_गिट्टी

विकतात, आणि चांगल्या पाण्यात थोडंसं वापरलं तर उत्तमच. तुमच्या पाण्यात गणित बिघडतं. कार्बोनेटच्या हिशेबात तीनशेची क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, धरा. ती जवळपास संपवायला साठ लिटरला ८५ टक्क्यांचं आम्ल वीसेक मिलिलिटर लागेल. त्यातून फॉस्फरस दीडशे पीपीएमवर (लिटरला दीडशे मिलिग्रॅमवर) जातो, म्हणजे गरजेच्या तिप्पट-चौपट. शिवाय चुना भरपूर असलेल्या पाण्यात फॉस्फेट वाढवलं तर गढूळ साका बसतो, तो वेगळाच.

आम्लानं पाणी सुधारण्यापेक्षा पाणीच बदला. टाकी रिकामी करा, ते पाणी कुंड्यांना घाला पण एकाच कुंडीला नको. नर्मदेचं दोन भाग आणि आरओचं एक भाग असं नव्यानं भरा. रोजची भर मात्र फक्त कमी क्षारांच्या पाण्याची. आरओचं वाया जाणारं पाणी कोणी सुचवेल, ते बोरिंगपेक्षा वाईट. मूळ पाण्यातले क्षार त्यात घट्ट होऊन आलेले असतात.

आणि आम्ल वापरायचंच झालं तर पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी नाही. चष्मा लावून.

मृण्मयी_वनस्पती

लोहाची मात्रा मोजून देते. दोन पीपीएम पुरे. साठ लिटरला १२० मिलिग्रॅम लोह, म्हणजे सहा टक्क्यांच्या ईडीडीएचएची दोन ग्रॅम पूड. पाणी सरबतासारखं लाल दिसेल, घाबरू नका. हाताला आणि फरशीला डाग पडतात.

ए आणि बी बाटल्या एकमेकींत थेट ओतू नका. एकीत कॅल्शियम नायट्रेट असतं, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. घट्ट स्वरूपात भेटले की जिप्समचा पांढरा गाळ. एक टाकीत घालून पंप फिरवा, मग दुसरी.

लष्करची_सून

ग्वाल्हेरहून लिहितेय. मला मुळातला प्रश्न पडलाय. पाण्यातली झाडं हवेत वाढवायचीच कशाला? टँकमध्ये लावली तर काय बिघडतं?

बडोदेकर

हे माझं खातं, बडोद्यात रंगीत मासे आणि झाडांचा धंदा आहे.

ताई, तुम्ही दुकानातून जी झाडं आणता त्यातली बरीचशी मुळी पाण्याखाली वाढलेलीच नसतात. डेन्मार्क, सिंगापूरच्या मोठ्या नर्सऱ्यांत जाळीच्या छोट्या कुंड्या, रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) आणि दमट काचघर असतं. पानं हवेत, मुळाशी पाणी. कारण सरळ आहे. पाण्यातून कार्बन डायऑक्साइड पानापर्यंत पोहोचायला हवेच्या दहा हजार पट वेळ घेतो. टँकमध्ये सिलिंडर लावून जे मिळवायचं ते हवेत फुकट मिळतं. झाड भरभर वाढतं, शेवाळ पानावर चढत नाही, गोगलगायीची अंडी येत नाहीत.

पण याची एक किंमत आहे. हवेतलं पान जाड, त्यावर मेणाचा थर, खाली श्वासाची छिद्रं. तेच झाड पाण्यात बुडवलं की ही पानं निकामी होतात आणि गळतात. झाड मग पातळ, मऊ, पाण्यातली पानं नव्यानं काढतं. रोटालाची हवेतली पानं गोल, पाण्यातली लांबट आणि लालसर. शेजारी ठेवली तर दोन वेगळी झाडं वाटावीत. क्रिप्टोकोरायनी तर जागा बदलली तरी सगळी पानं टाकून देते. गिऱ्हाईक येऊन भांडतं, झाड मेलं म्हणून. मी सांगतो, मूळ उपटू नका, तीन आठवडे थांबा. ऐकतात त्यांचं झाड उठतं.

सुदामानगरकरांची जी झाडं विरघळत होती, त्यातली निम्मी कदाचित मेलेली नव्हती.

आणखी दोन गोष्टी. अनुबियास आणि जावा फर्नची आडवी जाड कांडी गिट्टीत पुरू नका, कुजते. वर ठेवा, फक्त मुळं खाली जाऊ द्या. दुसरं म्हणजे सगळीच झाडं बाहेर वाढत नाहीत. व्हॅलिसनेरिया, कॅबोम्बा, हायड्रिला, हॉर्नवर्ट यांना ट्रेमध्ये ठेवलंत तर दुपारपर्यंत वाळलेली मिळतील.

मृण्मयी_वनस्पती

बडोदेकर, छान लिहिलंत. यात निसर्गाविरुद्ध काही नाही हेही सांगायला हवं. क्रिप्टोकोरायनी रेट्रोस्पायरॅलिस आपल्या पश्चिम घाटातल्या नद्यांची. पावसात बुडालेली असते, पाणी ओसरलं की खडकांमधल्या वाळूत उघडी पडते आणि तेव्हाच फुलते. वर्षाचे काही महिने पाण्यात आणि काही बाहेर, हाच तिचा रिवाज. ट्रेमध्ये आपण तिचा उन्हाळा लांबवतो.

सुदामानगरकर, ब्राह्मीचं पान कसं आहे? लहान, मांसल, लांबट आणि समोरासमोर जोडीनं असेल तर ती बॅकोपा, टँकमध्ये झकास चालते. गोल, कंगोऱ्याचं, मूत्रपिंडाच्या आकाराचं असेल तर ती मंडूकपर्णी. ती चटणीला ठेवा.

सुदामानगरकर

गोल आणि कंगोऱ्याचं. आईला सांगितलं, ती म्हणाली मला माहीतच होतं.

लष्करची_सून

आता कळलं. मग माझी अडचण. आमच्याकडे मे-जूनमध्ये पंचेचाळीस आणि जानेवारीत पहाटे चार-पाच अंश. ही सोय गच्चीवर चालेल का? आणि माझ्याकडे माशांचा टँक आहेच, त्याचंच पाणी फिरवलं तर खत विकत घ्यायलाच नको ना?

बडोदेकर

थंडीत फक्त टाकीतलं पाणी गरम ठेवा. टँकचा शंभर वॅटचा हीटर पुरतो. पाणी वीस-बावीस अंशांवर असलं आणि वर प्लॅस्टिक असलं की मुळं ऊब धरतात. अनुबियास थांबेल पण मरणार नाही. उन्हाळा जास्त कठीण. पाणी तीस अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना लिटरला नऊ मिलिग्रॅम, तिसाला साडेसात. त्याच वेळी मुळांना तो जास्त लागतो, आणि मूळकुज करणारी पिथियम बुरशी अशाच कोमट पाण्यात फोफावते. म्हणून भरणं-उतरणं चांगलं. पाणी खाली उतरताना गिट्टीत ताजी हवा ओढली जाते. सतत पाणी भरून ठेवण्यापेक्षा मुळं खूश राहतात. गच्ची नको, उत्तरेची गॅलरी बघा. टाकीला थर्माकोल गुंडाळा.

माशांचं पाणी चालतं. माशांची घाण अमोनिया, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते झाडं उचलतात. गिट्टीवर ते जिवाणू आपोआप बसतात. मात्र नायट्रेट मिळालं तरी पोटॅश आणि लोह कमीच पडतं, ते वरून द्यावं लागतं. मासे आजारी पडून तुम्ही औषध किंवा मीठ घातलंत तर ते पाणी ट्रेकडे जाऊ देऊ नका. उलटही खरं: ट्रेमध्ये मावा पडला म्हणून फवारणी केली तर तेच पाणी माशांकडे जातं. कोळंबी असेल तर संपलीच.

खातीपुऱ्याचे अण्णा

अवांतर: ग्वाल्हेर म्हटलं की तिघरा धरण आठवतं. १९१६ चं. त्यावर विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. पाणी ठरल्या पातळीवर चढलं की दरवाजा आपला आपण उघडे, उतरलं की बंद. तुमच्या उभ्या पाइपाचं काम तेच आहे, ठरल्या उंचीच्या वर पाणी जाऊ न देणं. विषय निघाला म्हणून सांगतो, हा पाइप आतल्या नळीपेक्षा जाडच पाहिजे. अर्ध्या इंचानं पाणी येत असेल तर जायला एक इंच ठेवा. वर जाळीची टोपी हवी, नाहीतर मुळं आत शिरतात आणि एका रात्रीत टाकी गॅलरीत रिकामी.

लष्करची_सून

अण्णा, तिघऱ्याचंच पाणी पितो आम्ही. दरवाज्यांचं ठाऊक नव्हतं.

इंदूरचा_इलेक्ट्रिशियन

कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. कूलरच्या पंपानं शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं मरतात. पंपाची वायर टाकीतून सरळ वर प्लगला नेऊ नका. मध्ये एक झोळ द्या म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच टपकेल. सॉकेटच्या आधी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. लोखंडी अँगलच्या रॅकला अर्थिंग द्या. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत न्यूट्रल आणि फेज उलटे असू शकतात.

पंपाच्या डब्यावरची लिटरची संख्या शून्य उंचीची असते. पाच फूट चढवायचं तर त्यातलं फार थोडं उरतं. पंधरा मिनिटांत ट्रे भरत नसेल तर पंपाला दोष देऊ नका, ट्रे खाली घ्या.

बिलाची काळजी नको. १८ वॅट अहोरात्र चालला तरी महिन्याला तेरा युनिट.

सुदामानगरकर

आरसीसीबी घरात आहे, तपासून घेतो. अर्थिंग रॅकला नव्हतं, उद्याच.

काळी_गिट्टी

वजनाचाही विचार करा. चार इंच गिट्टीचा तुमचा एक ट्रे साठ किलोच्या घरात, पाणी वेगळं. दोन ट्रे, टाकी आणि रॅक मिळून दोनशे किलो. रॅक गॅलरीच्या कठड्याकडे नको, घराच्या भिंतीला लावून ठेवा. भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या मिळतात, वजन चौथाई.

आणि गिट्टी तपासली का? दख्खनच्या पाषाणात पांढरे खडे असतात. काही झिओलाइट, ते निरुपद्रवी. काही कॅल्साइट, तो विरघळून पीएच वर चढवत राहतो. संडास धुवायच्या ॲसिडचा थेंब टाकून बघा, फसफसला तर तो दगड बाहेर.

सुदामानगरकर

गोळ्यांची किंमत पाहिली. गिट्टीच राहू दे.

ॲसिड टाकून पाहिलं. काळ्या दगडावर थेंब नुसता बसून राहतो. पांढरा डाग असलेले मूठभर खडे निवडले, त्यातल्या काहींवर सोड्यासारखी फेसाची रेघ उठली, चुर्र आवाजासकट. काढून टाकले. ते तुम्ही सांगितलंत नसतं तर कधीच डोक्यात आलं नसतं.

पोहे_जिलबी

आणि डास? पालिकेवाले कूलरच्या टाक्या उघडून अळ्या बघत फिरतात. तुमची टाकी बघून तर त्यांना आनंदच होईल.

बडोदेकर

ट्रेमध्ये डास होत नाहीत, पाणी टिकतच नाही. टाकी मात्र पूर्ण झाका, नळ्यांच्या भोकांना बारीक जाळी. उन्हाळ्यात अंड्यापासून डासापर्यंत आठवडाभर पुरतो. कोणी गप्पी सोडा म्हणेल, पण खताच्या पाण्यात मासे ठेवू नका. बीटीआय नावाची जिवाणूंची पूड मिळते, ती अळ्या मारते, झाडांना काही करत नाही. टाकी काळ्या प्लॅस्टिकनं गुंडाळली की शेवाळही थांबतं. त्याला उजेडच मिळत नाही.

मृण्मयी_वनस्पती

एक विनंती. छाटलेल्या फांद्या, नको झालेली झाडं सिरपूर किंवा बिलावली तलावात टाकू नका. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. जलपर्णीनं काय होतं ते आपण सगळे बघतोच. तीही कुणीतरी शोभेला म्हणून आणली होती. आपल्या ओळखीची हायग्रोफिला पॉलिस्पर्मा इथली साधी रानवनस्पती, पण अमेरिकेत गेली तर तिथे तिच्यावर बंदी घालावी लागली. छाटणी उन्हात वाळवा आणि खतात टाका.

सुदामानगरकर

ताजी खबर.

टाकी रिकामी केली. पाणी तुळस सोडून बाकी कुंड्यांना वाटलं. नर्मदेचं दोन भाग, आरओचं एक भाग. मीटरवर दीडशेच्या आसपास, खत घातल्यावर सहाशे. ईडीडीएचए ताईंनी सांगितलं तेवढंच. पाणी खरंच सरबतासारखं झालं. शेजारच्या काकूंनी विचारलं, रूहअफ्जा का? पीएच सातच्या जरा वर.

आधीची पिवळी पानं तशीच आहेत, पण रोटालाच्या शेंड्याला जी नवी जोडी उघडली ती हिरवी, आणि देठाकडे किंचित गुलाबी. हायग्रोफिला दोन दिवस मागे आहे.

रोजची भर आता आरओची. मनात आलं होतं की एसीचं पाणी गोळा करावं, क्षार जवळपास नसतातच. पण मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी की एसीच्या नळीतून तासाला जेमतेम पेलाभर टपकतं. जेव्हा भरपूर टपकेल तेव्हा पाऊस आलेला असेल.

काळी_गिट्टी

म्हणून पाऊसच साठवा. दहा बाय दहा फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस झाला की नव्वद लिटर. पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून द्या, पुढचं दोनशे लिटरच्या झाकणाच्या ड्रममध्ये. दोन ड्रम भरलेत तर दिवाळीनंतरही पुरेल, कारण थंडीत तीन लिटर लागत नाहीत. फक्त पावसाच्या पाण्यात चुना अजिबात नसतो, तेव्हा ए बाटलीतला कॅल्शियम चुकवू नका, किंवा पाचवा हिस्सा बोरिंगचं मिसळा. तुमच्या बोरिंगचा हा एक उपयोग आहे.

आणि साप्ताहिक नियम म्हणून मीटर लावा. आठवड्यात आकडा चढला तर पुढची भर बिनखताची, उतरला तर थोडं खत. आठशेच्या वर जाऊ देऊ नका. गेलाच तर अर्धं पाणी काढून टाका.

खातीपुऱ्याचे अण्णा

वहीत तारीख टाकून लिहा. नुसतं लक्षात ठेवून चालत नाही.

लष्करची_सून

मी उत्तरेच्या गॅलरीत एकच ट्रे करतेय. पत्र्याचा जुना कूलर पडलाय घरात, त्याची टाकी चालेल?

बडोदेकर

पत्र्याची नको. जस्ताचा मुलामा आम्लाच्या पाण्यात उतरतो, झाडांना बाधतो आणि टाकी वर्षभरात गळते. प्लॅस्टिकचा झाकणाचा टब घ्या. पीव्हीसीचे सांधे डिंकानं जोडले की दोन दिवस वाळू द्या आणि साधं पाणी फिरवून ते फेकून द्या, मग झाडं लावा.

लष्करची_सून

ठीक. आणि सुदामानगरकर, पुढच्या आठवड्यात भाऊ इंदूरहून ग्वाल्हेरला यायचाय. जावा फर्नचा तुकडा आणि रोटालाच्या दोन-चार काड्या मिळतील का? जाता-येता नीट राहतील ना?

सुदामानगरकर

अवश्य. भावाला संध्याकाळी सहानंतर पाठवा. जावा फर्नच्या जुन्या पानाच्या मागे छोटी रोपं फुटली आहेत, तीच देतो. रोटाला मात्र नव्या हिरव्या शेंड्यांची छाटायला अजून पंधरवडा लागेल, तोवर हायग्रोफिला घेऊन जाऊ द्या.

बडोदेकर

ओल्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा, वर पॉलिथिनची पिशवी, थोडी हवा भरून तोंड बांधा. पिशवीत पाणी भरू नका, डब्यात ते गरम होऊन पानं शिजतात. गाडीत खिडकीशी ठेवायची नाही.